डॅशबोर्डमागचा गळका हीटर

'बॉनेट उघडून' या सदरात कोल्हापूरच्या उद्यमनगरात गॅरेज चालवणाऱ्या ताई वाचकांच्या गाड्यांची दुखणी ऐकून घेतात. पावसाळ्यात आलेल्या पत्रांतली हीटरची पत्रं या अंकात एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : नमस्कार ताई. वडिलांनी घेतलेली 1999 सालची मारुती झेन मी अजून चालवतो. पासिंग नव्याने करून घेतलंय, इंजिन उत्तम आहे. पण या पावसाळ्यात पुढची काच आतून सारखी धुरकट होते आणि पुसली की चिकट ओघळ राहतात. गाडीत गोडसर वास येतो. बायको म्हणते काकवीचा. डाव्या सीटसमोरचं मॅटिंग कायम ओलं असतं. रेडिएटरमध्ये अधूनमधून पाणी घालावं लागतं, खाली मात्र एक थेंब दिसत नाही. एका मेकॅनिकने एसीच्या पाण्याची नळी तुंबली म्हणून साफ केली, फरक शून्य. दुसरा म्हणाला, हीटर गळतोय, बायपास मारू, म्हणजे पाणी हीटरला वगळून फिरवू, आपल्याकडे हीटर लागतो कुणाला? तिसरा म्हणतो, सगळा डॅशबोर्ड काढून हीटरची कॉइल बदलावी लागेल, गाडी दोन दिवस सोडा. एवढ्या जुन्या गाडीचा डॅशबोर्ड उघडायला मन धजत नाही. कुणाचं ऐकू?
— एक वाचक, सातारा

उत्तर : दादा, दुसऱ्याने आणि तिसऱ्याने दुखणं एकच सांगितलंय, आणि ते मला पटतं. पहिल्यालाही बोल लावू नका. पावसाळ्यात मॅटिंग ओलं दिसलं की जो तो आधी एसीचीच नळी बघतो, मीही बघते. तुमच्या गाडीत एसीचा डबा डाव्या अंगाला आणि हीटरचा डबा त्याला चिकटून मधोमध, त्यामुळे दोघांचं पाणी जवळपास एकाच जागी येतं.

डॅशबोर्ड उघडण्याआधी खात्री मात्र करून घ्या. ओल्या मॅटिंगवर पांढरा टिश्यू पेपर दाबा. एसीचं पाणी असेल तर कागद नुसता भिजेल. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं रेडिएटरमधलं पाणी असेल तर हिरवट, लालसर किंवा गंजकट डाग येईल आणि दोन बोटांत चोळल्यावर बुळबुळीत लागेल. चव घेऊन बघू नका. बोट चाटून 'हां, कूलंटच आहे' म्हणणारे जुने मेकॅनिक मी पाहिलेत. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल गोड लागतं आणि विषारी असतं. म्हणूनच ते ओलं मॅटिंग अंगणात वाळत घालून कुत्र्या-मांजरांच्या तोंडाशी ठेवायचं नाही. थोडंसं चाटलं तरी त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. घरातल्या कुत्र्याने चाटल्याची नुसती शंका आली तरी त्याच दिवशी, त्याच तासाला जनावरांच्या डॉक्टरकडे न्या.

दुसरी खूण काचेवर. पावसातलं नेहमीचं धुकं एसी लावला की थोड्या वेळात जातं. तुमचं जात नाही, उलट हीटरचा नॉब लाल बाजूला नेऊन ब्लोअर काचेवर सोडलात तर वाढेल. कारण सरळ आहे. हीटरची कॉइल म्हणजे डॅशबोर्डमागे बसवलेला छोटा रेडिएटर. इंजिनमधलं गरम कूलंट एका नळीने त्यात येतं, दुसरीने परत जातं, आणि ब्लोअरची हवा त्याच्या पातळ पत्र्यांतून गरम होऊन बाहेर पडते. इंजिन तापल्यावर ते कूलंट 90 अंशांच्या आसपास असतं आणि रेडिएटरच्या झाकणामुळे साधारण 0.9 बार दाबाखाली असतं. एवढ्या दाबाला सुईच्या टोकाएवढं भोकही पुरतं. बारीक फवारा उडतो, ब्लोअर तो थेट काचेवर नेतो, पाण्याची वाफ होऊन जाते आणि ग्लायकॉल मागे राहतं. तुमचे चिकट ओघळ ते हेच.

पक्कं निदान हवं असेल तर गॅरेजमधून कूलिंग सिस्टिमची प्रेशर टेस्ट करून घ्या. गाडी थंड असताना रेडिएटरच्या तोंडावर हातपंप बसवायचा, झाकणावर लिहिलेल्या दाबाएवढी हवा भरायची आणि काटा बघत बसायचं. काटा उतरला की कुठेतरी गळती आहे. मग इंजिनच्या बाजूने हीटरला जाणाऱ्या दोन्ही नळ्या सोडवून एकमेकींना जोडायच्या आणि पुन्हा पंप मारायचा. आता काटा हलला नाही, तर चोर कॉइलच. तरीही उतरला, तर वॉटर पंप, रेडिएटर, हेड गॅस्केट, सगळं बघावं लागेल आणि डॅशबोर्डला हात लावायचा विषय तिथेच थांबला. ही टेस्ट करायला वेळ लागत नाही, पण आमच्याच धंद्यातले लोक ती टाळतात आणि गिऱ्हाईकाच्या पैशाने अंदाज बांधतात. 'टेस्ट करून दाखवा' असं तुम्हीच म्हणा.

आता कॉइल सडते कशाने? मी उघडलेल्या बहुतेक कॉइलींत मला एकच गोष्ट सापडते : बोअरचं पाणी. सातारा काय, कोल्हापूर काय, बोअरचं पाणी क्षारांनी जड. तेच बाटली भरून गाडीत ठेवायचं आणि पातळी उतरली की ओतायचं. क्षार आत धरतात. कूलंटमध्ये गंज रोखणारी जी द्रव्यं असतात ती दर वेळी पाणी घातल्याने पातळ होत जातात, शिवाय वयाने संपतातही. हिरव्या, जुन्या पद्धतीच्या कूलंटचं आयुष्य दोन वर्षं धरायचं. त्यानंतर ते नुसतं रंगीत पाणी. इंजिनचं हेड ॲल्युमिनियमचं, जुनी कॉइल तांब्या-पितळेची, थर्मोस्टॅटजवळच्या (कूलंट तापल्यावरच रेडिएटरची वाट उघडणाऱ्या झडपेजवळच्या) बारीकसारीक गोष्टी लोखंडाच्या. एका पाण्यात इतके धातू एकत्र आले आणि राखण करणारं कुणी उरलं नाही की ते एकमेकांना खातात. सगळ्यांत पातळ पत्रा कॉइलचा, म्हणून पहिलं भोक तिथे.

आणखी एक कारण फारसं कुणी तपासत नाही, ते म्हणजे अर्थिंग. बॅटरीच्या निगेटिव्हकडून इंजिनला आणि बॉडीला जाणारी पट्टी गंजली, किंवा मागाहून बसवलेल्या ॲम्प्लिफायरची, फॉग लॅम्पची अर्थ वायर कुठेतरी अडकवून ठेवली असली, तर करंट परतीची वाट कूलंटमधून शोधतो आणि धातू आतून पोखरला जातो. मल्टिमीटर डीसीवर ठेवून काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्हला लावा आणि लाल वायरचं टोक थंड रेडिएटरच्या तोंडातून कूलंटमध्ये बुडवा, पत्र्याला टेकू देऊ नका. मग इंजिन चालू करून लाइट, ब्लोअर, सगळं लावा. 0.3 व्होल्टच्या वर दिसलं तर आधी अर्थिंग नीट करा. नाहीतर नवी कॉइलही लवकरच गळेल आणि तुम्ही पार्टवाल्याला शिव्या द्याल.

बायपासबद्दल. दुसऱ्या मेकॅनिकचं मला सगळंच चूक वाटत नाही. गाडी रोज लागते, पार्ट मिळायला वेळ आहे, तर नळ्या जोडून महिनाभर चालवा, काही बिघडत नाही. जोडायच्या मात्र एकमेकींना, मापाच्या तुकड्याने आणि चांगल्या क्लिपा लावून. लाकडाची खुंटी किंवा बोल्ट ठोकून दोन्ही नळ्या बंद करणारे महाभाग आहेत, त्यांना गाडी देऊ नका. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट बंद असताना कूलंट फिरायची एक वाट हीटरमधूनच जाते. ती बुजवली की थर्मोस्टॅटपाशी गरम पाणी पोचायला उशीर होतो आणि हेडमध्ये एखादी जागा भलतीच तापते. तुमचं हेड ॲल्युमिनियमचं आहे, एकदा वाकलं की हीटरचा खर्च किरकोळ वाटेल.

पण कायमचा बायपास मला आवडत नाही, आणि त्याला थंडीशी काही देणंघेणं नाही. तुम्ही साताऱ्याचे. यवतेश्वर चढून कासला जाताना जुलैत काचेची काय अवस्था होते ते तुम्हाला मी काय सांगणार? एसी हवेतला ओलावा काढतो आणि हीटर ती हवा गरम करतो. दोन्ही एकत्र लावले की काच जितकी लवकर साफ होते तितकी एकट्या एसीने होत नाही. शिवाय घाटात कधी टेंपरेचरचा काटा वर चढला तर एसी बंद करून हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर जोरात सोडायचा, काचा खाली घ्यायच्या. तुम्ही उकडून निघाल, पण इंजिनची उष्णता खेचायला दुसरा छोटा रेडिएटर कामाला लागतो आणि सुरक्षित जागी थांबेपर्यंत इंजिन निभतं. बायपास केलेल्या गाडीत ही सोय गेली.

तेव्हा गाडी ठेवायची असेल तर कॉइल बदला. वर्षभरात विकायची असेल तर नीट बायपास करा आणि घेणाऱ्याला सांगून विका.

डॅशबोर्डची भीती मला समजते. पंचवीस वर्षांचं प्लॅस्टिक, क्लिपा बिस्किटासारख्या तुटतात. त्यावर माझा उपाय साधा : गाडी आधी तासभर उन्हात उभी करते. तापलेलं प्लॅस्टिक थोडं वाकतं, थंड प्लॅस्टिक तडकतं. म्हणून हे काम पावसाळ्यात घाईने करण्यापेक्षा आता बायपास करा आणि उघडीप मिळाली की गाडी सोडा. मेकॅनिककडून पुढच्या गोष्टी करून घ्या. स्वतः करणार असाल तरी हाच क्रम.

बॅटरीचं निगेटिव्ह आधी काढायचं. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर कूलंट खाली पातेल्यात घ्यायचं, गटारात सोडायचं नाही. हीटरच्या नळ्या कॉइलच्या तोट्यांना वर्षानुवर्षं चिकटून बसलेल्या असतात. त्या पक्कडने पिळून ओढल्या की तोटी वाकते, कधी मुळातून उखडते. नळी ब्लेडने लांबीत चिरायची आणि सालपटासारखी सोलून काढायची. नळ्या तशाही नव्याच घालायच्या आहेत. मग एका तोटीतून हलकी हवा मारून कॉइलमधलं उरलेलं पाणी दुसरीतून बाहेर काढायचं, म्हणजे डबा उचलताना ते मॅटिंगवर सांडत नाही.

आत आल्यावर प्रत्येक टप्प्यावर मोबाइलने फोटो. स्क्रू वेगवेगळ्या पिशव्यांत, पिशवीवर कुठले ते लिहून; एकाच डब्यात टाकलेले स्क्रू बसवताना लांब स्क्रू आखूडच्या जागी जातो आणि आतली वायर चेपतो. स्टिअरिंग कॉलम खाली उतरवावा लागतो. हीटरच्या नॉबच्या केबली सोडवण्याआधी त्यांच्या क्लिपची जागा मार्करने आखून ठेवा. नाहीतर नंतर नॉब लालवर असताना झडप अर्धवटच उघडते, आणि नवी कॉइल घालूनही हवा कोमट येते म्हणून तुम्ही परत भांडायला याल. एसीची कॉइल शेजारच्या डब्यात आहे. ती न हलवता हीटरचा डबा निघतोय का ते आधी बघायला सांगा. गॅसचे पाइप सोडावेच लागले तर गॅस मशीनने काढून घ्यायचा, हवेत फुसकन सोडायचा नाही, आणि पाइपांची उघडी तोंडं लगेच झाकायची.

हीटरचा डबा उघडला की आत काय सापडेल याचा नेम नाही. पिंपळाची पानं, उंदराने कुरतडलेला कापूस, एकदा तर लहान मुलाचा अख्खा मोजा निघाला होता. झडपांवरचा स्पंज हमखास कुजलेला असतो. तुमच्या जाळीतून काळे कण उडत असतील तर ते त्याचेच. नवी स्पंजपट्टी चिकटवून घ्या. ब्लोअर कुरकुरत असेल तर त्याचंही काम आत्ताच. पुन्हा एवढं उघडायला कोण बसणार?

नवी कॉइल दुकानात 'हीटर कोर' म्हणून मागा, जुनी हातात घेऊन जा आणि जाडी, तोट्यांचा व्यास, त्यांचा कोन, तिन्ही शेजारी ठेवून जुळवा. जुनी तांब्या-पितळेची असेल तर रेडिएटरवाला ती झाळूनही देतो. तोटीच्या सांध्याला गळत असेल तर जरूर झाळून घ्या. मधल्या नळ्या कुजल्या असतील तर एक भोक बुजवलं की शेजारचं उघडतं, तिथे पैसे घालू नका. नवी आणलेली कॉइलही मी तशीच बसवत नाही. एक तोटी बंद करून दुसरीतून पंपाने हलका दाब देते आणि बादलीत बुडवून धरते. बुडबुडा आला तर तिथूनच दुकानात परत. पार्ट स्वस्त आहे, मजुरी महाग आहे. डॅशबोर्ड बसवल्यावर बुडबुडा सापडून उपयोग नाही. क्लिपा आवळताना जोर दाखवायचा नाही, ॲल्युमिनियमची तोटी चेपते.

भरण्याआधी इंजिन आणि रेडिएटर साध्या पाण्याने धुवायला हरकत नाही, शेवटचं खळखळून घेणं मात्र डिस्टिल्ड पाण्याने. मग कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं, किंवा तयार मिसळलेलं. रंग बघून कूलंट निवडू नका. हिरव्यात हिरवं घातलं म्हणजे जात एक झाली असं नाही. डब्यावर काय लिहिलंय ते वाचा, आणि दोन जातींची मिसळ करू नका, आत गाळ धरतो. गाडीचं तोंड चढाकडे करून, हीटर लालवर ठेवून, हळूहळू भरा. इंजिन चालू ठेवून रेडिएटरचा फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत थांबा. डॅशबोर्डमागून गुळगुळ आवाज आला तर आत हवा आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी, थंड इंजिनवर, पातळी पुन्हा बघा. ती थोडी उतरलेली असणारच. गरम इंजिनचं झाकण उघडायचं नाही, हे मी दर अंकात लिहिते आणि दर उन्हाळ्यात कुणीतरी हात भाजून घेतंच.

मॅटिंगखालचा नमदा विसरू नका. ग्लायकॉल सहज उडत नाही आणि हवेतला ओलावा धरून ठेवतं, म्हणून नुसत्या उन्हाने वास जात नाही. सगळं बाहेर काढून कोमट पाणी आणि साबणाने धुवा, खालचा पत्रा कोरडा करा, गंज दिसला तर खरवडून प्रायमर मारा. काचही आतून साबणाच्या पाण्याने दोन-तीनदा धुवावी लागेल. गळती थांबूनही काच धुरकट दिसतेय म्हणून घाबरू नका. जाळीतल्या पोकळ्यांत साठलेलं ग्लायकॉल काही दिवस येत राहतं.

प्रश्न : मी वाई–पाचगणी–महाबळेश्वर जीप चालवतो. हीटर गळायला लागल्यावर आमच्या स्टँडवरच्या एका जुन्या ड्रायव्हरने रेडिएटरमध्ये हळद टाकायला सांगितली. टाकली, आणि गळती खरंच थांबली! आता हीटर गरम होत नाही. हळदीचा काही संबंध आहे का?
— एक जीपवाले, वाई

उत्तर : आहे की! हळद पाण्यात फुगते, भोकाशी जाऊन अडकते आणि गळती थांबते. ट्रकवाले पिढ्यान्‌पिढ्या हे करत आलेत आणि पसरणीच्या घाटाच्या मध्यावर पाणी धरत नसलेल्या जीपला घरी आणायला मीही नाही म्हणणार नाही. पण हळदीला भोक कुठलं आणि नळी कुठली हे कळत नाही, भाऊ. सगळ्यांत अरुंद वाट हीटरच्या कॉइलची, ती पहिली बुजली. बाटलीतल्या तयार 'लीक स्टॉप'चंही हेच. काही दिवसांनी हाच लेप रेडिएटरच्या नळ्यांतही बसेल आणि मग चढाला, भरल्या जीपमध्ये, काटा वर जाईल. प्रवासी बसवायच्या आधी सगळी सिस्टिम धुऊन घ्या, कॉइल बदला, आणि हळद भाजीत घाला.

प्रश्न : आम्ही मित्र जानेवारीत 2004 च्या बोलेरोने स्पितीला जाणार आहोत. हीटर गळत नाही, पण हवा जेमतेम कोमट येते. मेकॅनिक सरळ कॉइल बदला म्हणतो. सध्या रेडिएटरमध्ये कूलंट थोडं आणि पाणीच जास्त आहे, नाशिकला चालून जातं. बदलू का कॉइल?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी हात लावून बघा. इंजिन पूर्ण तापल्यावर, हीटर लालवर आणि ब्लोअर चालू ठेवून, बॉनेटखालून कॉइलकडे जाणाऱ्या दोन्ही नळ्या चाचपा. फॅन आणि बेल्टपासून हात लांब ठेवा. एक चटका देणारी आणि दुसरी थंडगार असेल तर कॉइल तुंबलीय. दोन्ही गरम असतील तर कॉइल ठणठणीत आहे, दोष झडपेत किंवा तिच्या केबलीत, पैसे वाचले. दोन्ही कोमट असतील तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय किंवा कुणीतरी तो काढूनच टाकलाय. आपल्याकडे उन्हाळ्यात गाडी तापली की थर्मोस्टॅट काढून फेकायची खोड आहे. नाशिकमध्ये ते खपून जातं, स्पितीत इंजिन तापतच नाही आणि तुम्ही कुडकुडत बसता.

तुंबली असेल तर बदलण्याआधी एकदा उलटं धुऊन बघा. दोन्ही नळ्या काढायच्या आणि ज्या तोटीतून कूलंट बाहेर येतं तिच्यातून बागेच्या पाइपने हळू पाणी आत सोडायचं. समोरून तपकिरी चिखल येईल. पाणी स्वच्छ येईपर्यंत चालू ठेवा, मग बाजू बदला. कॉम्प्रेसरची हवा पूर्ण जोरात मारू नका. तुंबलेली कॉइल तेवढ्यावर फाटते आणि एकाऐवजी दोन कामं होतात.

माझी खरी काळजी तुमच्या 'पाणीच जास्त'ची आहे. स्पितीतल्या काझ्यात जानेवारीच्या रात्री पारा उणे 20 च्याही खाली जातो. पाणी गोठताना त्याचं आकारमान सुमारे 9 टक्क्यांनी वाढतं आणि ते जागा करून घेतं. कॉइल फुटते, रेडिएटर फुटतो, नशीब फारच फिरलं तर इंजिनचा ब्लॉक तडकतो. एक भाग कूलंटला दोन भाग पाणी हे मिश्रण साधारण उणे 17 पर्यंत तग धरतं, तुम्हाला ते पुरणार नाही. निम्मं-निम्मं उणे 35 च्या आसपास नेतं, ते घ्या. 'मग शुद्ध कूलंटच भरतो' असंही करू नका. निव्वळ ग्लायकॉल उणे 13 च्या सुमारासच गोठतं आणि उष्णताही कमी वाहून नेतं. सध्याचं सगळं काढून, धुऊन, नव्याने भरा. असलेल्यात अंदाजाने ओतून प्रमाण जुळत नाही. कूलंटचं प्रमाण दाखवणारा हायड्रोमीटर घेतलात तर गटातल्या सगळ्या गाड्यांचं बघता येईल.

प्रश्न : ताई, सावंतवाडीत हीटरचं नावही कुणी काढत नाही. माझ्या जुन्या मारुती 800 चा हीटर कित्येक वर्षांत लावलेला नाही. न वापरलेल्या गोष्टीला काय होणार? पण शेजारी म्हणतात, तोच आधी गळतो.
— एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : शेजारी बरोबर आहेत. ज्या गाड्यांत हीटरचं पाणी चावीने (नळीतल्या छोट्या व्हॉल्व्हने) बंद होतं, त्यात नॉब वर्षानुवर्षं निळ्यावर राहिला की कॉइलमधलं पाणी तिथेच साचतं. गाळ खाली बसतो आणि तिथूनच पत्रा सडतो. चावीही आखडते; मग कधीतरी जोर लावला की तिचीच मान तुटते. महिन्यातून एकदा, इंजिन तापलेलं असताना, नॉब लालवर नेऊन दहा मिनिटं राहू द्या. काचा उघड्या ठेवा, घरचे ओरडतील. आणि आंबोलीच्या घाटात पुढचा ट्रक दिसेनासा होतो तेव्हा काचेवर एसीसोबत लावून बघा.

प्रश्न : मी नुकतीच 2003 ची सँट्रो घेतली. बॉनेट उघडल्यावर लक्षात आलं की केबिनकडे जाणाऱ्या दोन तोट्या मोकळ्या आहेत आणि इंजिनच्या दोन नळ्या एका वाकड्या पाइपने जोडल्यात. विकणारा म्हणतो, 'कंपनीतूनच असं येतं.' खरं का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : नाही. हा बायपास आहे ताई, आणि जोडणी तरी नळ्या बंद न करता केलीय, एवढं समाधान माना. कॉइल गळत होती की नुसती तुंबली होती हे डॅशबोर्ड न उघडता कळतं. मोकळ्या तोट्यांपैकी एक बुचाने बंद करा, दुसरीला हातपंप लावून साधारण 0.9 बार हवा भरा आणि अर्धा तास सोडा. दाब टिकला तर कॉइल शाबूत आहे. उलटी धुऊन, नव्या नळ्या आणि नव्या क्लिपा घालून जोडून टाका, हीटर फुकटात परत मिळाला. दाब उतरला तर मॅटिंग उचलून खालचा पत्रा आधी बघा. बायपास करण्याआधी गाडी किती दिवस तशीच गळत होती ते त्या पत्र्यावर दिसेल, आणि गंज आरपार गेला असेल तर कॉइलच्या आधी वेल्डिंगवाल्याकडे जावं लागेल.